बाळ हसतं आणि माझी मान गळते

प्रश्न : ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय ३१. सहा वर्षांपूर्वी मला नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार, असल्याचं निदान झालं. डी.एड.ला असताना मैत्रिणी मला ‘पेंगूबाई’ म्हणायच्या, ते का, हे तेव्हा कळलं. गोळ्यांवर बरं चाललं होतं. दिवस राहिल्यावर त्या थांबवल्या. मुलगा आता सात महिन्यांचा आहे, अंगावर पितो, म्हणून गोळ्या अजून बंदच आहेत. मिस्टर चाकणला कंपनीत असतात, शनिवारी रात्री येतात. घरी सासूबाई आणि सासरे.

दिवसभर डोळ्यांवर झापड असते. पाजताना, भाकरी थापताना, कुणी समोर बोलत असतानाही डोळा लागतो. रात्री मात्र तासा-दीड तासानं जाग येते. कधी कधी डोळे उघडे असतात पण हात हलत नाही, छातीवर कुणी बसलंय असं वाटतं. सासूबाईंनी त्यावर अंगाराही लावून झाला. सगळ्या बायका सांगतात, ‘बाळ झोपलं की तूही झोप.’ तेही करते, तरी थकवा जात नाही. सासूबाई म्हणतात, ‘आम्ही शेत करून चार पोरं वाढवली.’

आणखी एक. मुलगा आता खदाखदा हसतो. तो हसला की मलाही हसू येतं आणि माझी मान गळते, गुडघ्यातलं बळ जातं. परवा तो कडेवर होता. मी भिंत धरत धरत कशीबशी खाली बसले. तेव्हापासून तो हसायला लागला की मी तोंड फिरवते. जूनमध्ये शाळा उघडेल. ११ किलोमीटर स्कूटीवर जायचं आहे. विश्रांती मिळवायची कशी?

— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ‘तोंड फिरवते’ हे तुझं वाक्य वाचलं आणि पत्र बाजूला ठेवून जरा गॅलरीत जाऊन आले. मीही फिरवायचे गं. माझी मुलगी १९९२ची. तिचं पहिलं हसू सासूबाईंनी पाहिलं, नवऱ्यानं पाहिलं, शेजारच्या वहिनींनी पाहिलं. मी पाहिलं ते अर्धंच, कारण अर्ध्यातच माझी हनुवटी छातीला टेकली होती. या सदराचे वाचक मला निवृत्त सिस्टर म्हणून ओळखतात. मलाही हाच आजार आहे हे मी इथे कधी लिहिलं नव्हतं, ते आज लिहिते.

तुझं निदान पंचविशीत झालं. माझं झालं चाळिशीत, २००३ साली, मुंबईला. रात्रभर डोक्याला, छातीला, पायांना वायरी लावून झोपवलं आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी, असं पाच वेळा, अंधाऱ्या खोलीत ‘झोपा’ म्हणाले. पाचही वेळा मी दोन-तीन मिनिटांत झोपले. आठ मिनिटांच्या आतली सरासरी ही आजाराची खूण मानतात, हे नंतर कळलं. त्याआधीची अठरा वर्षं मी वॉर्डात काम करत होते आणि माझी गणना आळशांत होती. रिपोर्ट लिहिता लिहिता डोळा लागायचा, हात मात्र लिहीतच राहायचा. सकाळी वही उघडली की शेवटच्या चार ओळी मुंग्यांच्या रांगेसारख्या पानावरून खाली उतरलेल्या असायच्या. मेट्रननं एकदा ती वही सगळ्यांसमोर उघडून दाखवली. तू भाकरी थापताना झोपतेस आणि हात थापत राहतात, ते हेच.

आता थोडं आजाराविषयी. तुला माहीत असेलच, पण हा भाग सासूबाईंना वाचून दाखवायला उपयोगी पडेल. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. तिथल्या सत्तर-ऐंशी हजार पेशी हायपोक्रेटिन नावाचं द्रव्य बनवतात. हे द्रव्य सापडलं १९९८ साली. आजाराला नाव मात्र त्याच्या शंभरेक वर्षं आधी, १८८० मध्ये, जेलिनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं दिलं होतं. जागेपण टिकवून धरण्याचं काम हे द्रव्य करतं. आपल्या प्रकारच्या नार्कोलेप्सीत या पेशी जवळजवळ सगळ्या गेलेल्या असतात आणि परत येत नाहीत. त्यामुळे जाग टिकत नाही, आणि झोपही टिकत नाही. स्वप्नं पडत असताना शरीर आपले स्नायू सैल सोडून देतं, म्हणजे आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणात धावत नाही. ते सैलपण आपल्याकडे नको तेव्हा येतं. जाग येताना ते मागे रेंगाळलं, तर हात हलत नाही आणि छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. हसताना आलं, तर मान आणि गुडघे जातात. त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. अंगाऱ्याचं आणि लाजेचं, अशी तू दोन वेगळी दुखणी लिहिलीस. ते दुखणं एकच आहे.

म्हणून ‘बाळ झोपलं की तूही झोप’ हा सल्ला आपल्यासाठी नाही. ज्या बाईची झोप फक्त अपुरी झालीय तिला तो बरोबर आहे. तिचा रांजण रिकामा आहे, मिळेल तेव्हा भरायचा. आपला रांजण गळका आहे. तो सकाळी काठोकाठ भरला तरी अकराला तळ दिसतो. गळक्या रांजणाला तांब्या-तांब्यानं पाणी घालायचं असतं, आणि घड्याळ बघून घालायचं असतं. बाळ कधी दहाला झोपेल, कधी एकला, कधी झोपणारच नाही. त्याच्या झोपेवर आपली झोप टांगून ठेवली की ती दिवसभर लोंबकळत राहते.

तेव्हा वेळ ठरव. सध्या घरी आहेस तोवर साडेअकरा, अडीच आणि साडेपाच. प्रत्येक वेळी वीस मिनिटं, गजर लावून. त्या वेळी बाळ जागं असो, रडत असो, कुशीत असो, ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि दार लावून आडवं व्हायचं. झोप आली नाही तरी आडवं व्हायचं. वीसच मिनिटं, कारण जास्त झोपलीस तर उठल्यावर तासभर डोकं जड राहील. आपल्याला एक देणगी आहे बघ, बाकीच्यांना दुपारच्या झोपेनंतर सुस्ती येते, आपल्याला एवढ्याशा डुलकीनं दोन तास स्वच्छ मिळतात. साडेपाचची वेळ मी मुद्दाम लिहिली. माझ्या घरी तिन्हीसांजेला झोपणं म्हणजे लक्ष्मीला दारातून परत पाठवणं. मी त्यावर वाद घातला नाही, दिवेलागणीच्या आधी उठत गेले. दिवा मीच लावायचे, ताज्या डोळ्यांनी. (पुरुष दुपारी आडवा झाला की वामकुक्षी, बाई झाली की लोळणं. या भेदावर मी एकदा स्वतंत्र लिहिणार आहे.)

रात्रीचं गणित वेगळं. आपली रात्र मुळातच तुकड्यांची, त्यात बाळाचे तुकडे. सगळी रात्र तुला मिळणार नाही. पण तिचा एक सलग तुकडा राखता येईल. सात महिन्यांच्या मुलाला संध्याकाळी नाचणीची पेज किंवा मऊ खिमटी दे, साडेनऊला पोटभर पाज आणि साडेनऊ ते दीड त्याचं अंथरूण सासूबाईंच्या खोलीत असू दे. मध्ये उठलाच तर काढून फ्रिजमध्ये ठेवलेलं दूध, वाटी गरम पाण्यात धरून कोमट करून, वाटी-चमच्यानं. दीडनंतर तो तुझा. आणि तुझे सासरे शेतकरी माणूस, पहाटे चारला उठत असतील. उठून काय करतात? चहाची वाट बघत बसत असतील तर चार ते साडेसहा नातू त्यांच्या हवाली कर. माझ्या सासऱ्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, म्हणून ते काही करत नव्हते. सांगितल्यावर त्यांनी मुलीला मांडीवर घेऊन रोज काकडा म्हटला.

आता जी गोष्ट मी तीस वर्षं माहेरीही सांगितली नाही, ती सांगते. मुलगी चार महिन्यांची होती. बाळंतपणाला लावलेल्या बाईचे दिवस संपले आणि अंघोळ माझ्याकडे आली. आपण घालतो तशीच, पाटावर बसून, पाय लांब करून, बाळ नडग्यांवर पालथं. बंबातलं पाणी, मोरीत कोंदलेली वाफ, कोमट ओलं अंग. झोपेला आणखी काय हवं? तांब्या भरलेला आठवतो. पुढचं आठवतं ते तांब्याचा फरशीवर पडल्याचा आवाज आणि सासूबाई दारात. मुलगी माझ्या दोन पायांच्या मधे घसरून फरशीवर उताणी पडली होती, नळाकडे बघत. रडतसुद्धा नव्हती. सांडलेलं पाणी विसणलेलं होतं. बंबाखालच्या बादलीतलं असतं तर, हा विचार मी आजही पुरा करत नाही. सासूबाईंनी तिला उचललं, पंचात गुंडाळलं आणि मला म्हणाल्या, ‘तू ऊठ.’ बास. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या आधी पाटावर त्या बसलेल्या असायच्या. आजाराचं नाव कळायला अजून अकरा वर्षं होती. पण काहीतरी आहे आणि ते आळस नाही, हे त्या घरात सगळ्यात आधी त्यांना कळलं.

तेव्हा तुझ्या घरची विभागणी धोक्यावरून कर, कामाच्या मानावरून नको. अंघोळ, तळण, उकळतं पाणी आणि बाळ कडेवर घेऊन पायऱ्या चढणं-उतरणं हे तुझ्याकडे नको. कपडे, भाजी निवडणं, बाळाला भरवणं, वह्या तपासणं हे तुझ्याकडे. गॅस पेटलेला असेल तर स्वयंपाकघरात दुसरं माणूस हवं. पाजणं जमिनीवर घातलेल्या घट्ट गादीवर, कुशीवर पडून, आजूबाजूला उशी-गोधडी काही नको. खुर्चीत किंवा सोफ्यावर बसून अजिबात पाजू नकोस. तिथे डोळा लागला तर बाळ खाली पडतं किंवा पाठीच्या आणि गादीच्या फटीत तोंड अडकतं. पाजून झालं आणि अजून जागी असलीस, तर त्याला शेजारच्या त्याच्या अंथरुणावर उताणं ठेव. सर्दी-खोकल्याची गुंगी आणणारी औषधं या दिवसांत विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

आणि हसणं. तोंड फिरवू नकोस. जमिनीवर बस, पाठ भिंतीला, पाय पसरून, आणि मुलाला सतरंजीवर पुढ्यात ठेव. मांडीवर नको, हातात तर नकोच. मग हस. मान गळेल, जबडा लोंबेल, बोलता येणार नाही. काही सेकंद, फार तर एक-दोन मिनिटं. तू शुद्धीवर असतेस, सगळं ऐकतेस, आणि मग ते आपोआप जातं. माझी मुलगी चार वर्षांची झाल्यावर पाहुण्यांना सांगायची, ‘आईची मान पडली, आता येईल,’ आणि खेळायला लागायची. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. बाकीच्यांच्या आयांची मान पडत नाही हे तिला शाळेत गेल्यावर कळलं.

औषधांचं. घरात जुनी पाकिटं असतील तर स्वतःच्या मनानं सुरू करू नकोस, आणि ‘अंगावर पाजतेय म्हणजे काहीच घेता येणार नाही’ असंही स्वतः ठरवू नकोस. निदान करणाऱ्या डॉक्टरांकडे जूनच्या आधी जा. कोणती गोळी, किती, पाजण्याच्या कोणत्या वेळी, की पाजणं कमी करत आणून मग गोळी, हा निर्णय त्यांच्यासमोर बसून घ्यायचा. तुझ्या गोळ्यांपैकी एक बहुधा हसण्यातल्या त्या गळण्यासाठी होती. ती बंद झाल्यावर कॅटाप्लेक्सी उसळते, त्यामुळे आताचा जोर कायमचाच असेल असं नाही. जाताना रक्त तपासून जा : हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलेल्या बायका कमी नाहीत, आणि नार्कोलेप्सीचं नाव एकदा लागलं की बाकी सगळा थकवा त्याच खात्यावर मांडला जातो. आणखी एक, कारण ते विचारायला बायका लाजतात आणि सांगायला डॉक्टर विसरतात : मोडॅफिनिल ही जागं ठेवणारी गोळी सुरू असेल तर पाळणा लांबवण्याच्या हार्मोनच्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही, मोडॅफिनिल थांबवल्यावरही महिनाभर. तांबीवर त्याचा परिणाम होत नाही. आणि ही गोळी चालू असताना दिवस राहणं बाळाच्या दृष्टीनं बरं नाही, म्हणून पुढचं मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगून.

स्कूटीबद्दल मी मवाळ लिहिणार नाही. गोळ्या बंद आहेत तोवर स्कूटी बंद. एसटीनं जा, वडापनं जा, सहकारी शिक्षिकेच्या मागे बस. लायसनच्या अर्जाबरोबर आपण जे आरोग्याचं घोषणापत्र भरतो त्यात अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का, हे विचारलेलं असतं. आपली शुद्ध हरपत नाही, पण अकरा किलोमीटरच्या त्या रस्त्यावर समोरून उसाचा ट्रॅक्टर येत असताना हा फरक कुणाला सांगणार? गोळ्या पुन्हा सुरू होऊन बसल्यावर डॉक्टरांना विचार.

शाळेत मुख्याध्यापकांना पहिल्याच आठवड्यात निदानाचा कागद दाखव. लपवून काय होतं ते माझ्या त्या वहीनं दाखवलंय. मधल्या सुट्टीत मुलांची खिचडी वाढून झाली की वीस मिनिटं एखादी खोली आणि एक चटई, एवढंच माग. वाढायची पाळी तुझी असेल त्या आठवड्यात ती दुसऱ्या बाईंची आणि बदल्यात त्यांच्या नोंदवह्या तू, असं जमतं. वर्गात बसून शिकवू नकोस, फिरत राहा. गोष्ट सांगायचा तास दुपारी तीनला ठेवू नकोस, तीनला कवायत, परिसर अभ्यास, बाहेर झाडाखाली. राज्याच्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा १८० दिवसांची असते. ती दात येण्याच्या आणि आजारपणाच्या दिवसांसाठी तुकड्यानं ठेव.

राहिल्या सासूबाई. ‘चार पोरं वाढवली’ हे त्या खोटं बोलत नाहीयेत. पण त्यांना विचार, चौथ्याला पाजताना भाकऱ्या कोण थापत होतं? दोन जावा आणि एक नणंद निघतीलच बघ. हे टोमण्यानं विचारू नकोस, खरंच विचार, त्यांना सांगायला आवडेल. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे नवऱ्याऐवजी त्यांना ने. आपली झोप आळस वाटते तोवर त्या बोलणार. पांढऱ्या कोटातल्या माणसानं मेंदूचं चित्र काढून ‘इथल्या पेशी गेल्यात’ म्हटलं की त्याच बाई रात्री साडेनऊला तुझ्या हातातून पोर काढून घेतील.

अंगारा लावत असतील तर लावू दे. फक्त तो बाळाच्या नाकाजवळ नको.

प्रश्न : सातवा महिना चालू आहे. रात्री आडवी झाले की पोटऱ्यांत काहीतरी सरपटल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चाललं की बरं वाटतं, पडलं की पुन्हा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत घरात फेऱ्या मारते. पहिलं मूल तीन वर्षांचं आहे, ते सहाला उठतं. हे मनाचं आहे का?

— एक वाचक, नांदेड

उत्तर : मनाचं नाही, पायांचंही म्हणता येत नाही. याला अस्वस्थ पायांचा विकार म्हणतात. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो बराच आढळतो आणि बहुतेकींचा बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ओसरतो. त्याचं लोहाशी नातं आहे. नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नका, फेरिटिन तपासायला सांगा. ते ७५च्या खाली असेल तर या त्रासासाठी लोह वाढवायचा विचार डॉक्टर करतात, मग हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी. ॲसिडिटी किंवा ॲलर्जीसाठी गोळी सुरू असेल तर तिचं नाव डॉक्टरांना दाखवा, काही गोळ्यांनी हा त्रास वाढतो. झोपायच्या आधी पोटऱ्यांना तेल लावून नवऱ्याकडून चोळून घ्या, गरम पाण्यात पाय सोडून बसा. दोनपर्यंत फेऱ्या मारणाऱ्या बाईनं सहाला उठू नये, सहा ते आठ मोठ्याचं सगळं नवऱ्यानं बघावं, हे त्यांना हा अंक दाखवून सांगा. आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेत असाल तर ती वाया जातेय. लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या, चहा त्यानंतर तासा-दोन तासांनी. संध्याकाळी सातचा चहा मात्र सोडाच, त्यानं पाय आणखी नाचतात.